ठोकळ्यांच्या खेळातली मालगाडी

मुले मोबाइलवर ठोकळ्यांचा एक खेळ खेळतात. त्याचे नाव माइनक्राफ्ट. हा खेळ स्वीडन देशातला. २००९ साली निघाला, २०११ साली पुरा झाला. पुस्तक टाकून पोर ठोकळे रचीत बसते, म्हणून आम्हीही रागे भरत होतो. मग एकदा शेजारी बसून पाहिले.

खेळात जमीन खणायची, लोखंड, सोने काढायचे. पण खाणीतला माल घरी कसा आणायचा? एकट्याने खेपा तरी किती घालायच्या? म्हणून रूळ टाकतात आणि त्यांवर पेटीची गाडी सोडतात.

या गाडीला बैल नाही, इंजिन नाही. सपाटीवर ती हळूहळू थांबते. म्हणून मधेमधे सोन्याचे रूळ घालतात. रेडस्टोन नावाची तांबडी भुकटी असते. ती विजेसारखे काम करते. तिचा जोर मिळाला की सोन्याचा रूळ गाडीला ढकलतो. जोर तुटला की तोच रूळ गाडी धरून ठेवतो. बैलही तोच आणि खुंटाही तोच!

खरी युक्ती पुढेच आहे. पाभरीचे चाडे तुम्ही पाहिले आहे. बी वर टाकावे, ते नळीतून खाली पडावे. २०१३ साली खेळात असेच हॉपर आले. ते रुळाखाली बसवतात. वर गाडी थांबली की हॉपर एकेक नग ओढते आणि खालच्या पेटीत टाकते. सेकंदाला अडीच नग. गाडीत २७ खण, एका खणात दगडाचे ६४ नग. झाले १,७२८. आम्ही लगेच गणित केले, जुनी खोड! भरली गाडी रिती व्हायला साडेअकरा मिनिटे लागतात.

मग गाडी सोडायची केव्हा? हॉपरला कम्पॅरेटर नावाचा एक पहारेकरी जोडतात. हॉपरात माल असेतो तो खूण देतो. ती खूण उलटी करून रुळाला लावायची. म्हणजे माल असेतो रूळ बंद, गाडी उभी. हॉपर रिते झाले की रुळाला जोर येतो, आणि गाडी खाणीकडे पळते.

त्या दिवशी मुलाची गाडी काही सुटेना. त्याने भुकटी काढून पुन्हा घातली. गुण नाही. रडकुंडीला आला बिचारा. अखेर खालची पेटी उघडली, तर ती गच्च भरलेली! पेटीत जागा नाही, म्हणून हॉपर रिते होईना. हॉपर रिते होईना, म्हणून गाडी सुटेना. त्याने शेजारी दुसरी पेटी लावली. दोन्हींची मिळून एक मोठी पेटी झाली. माल पुन्हा पडू लागला, आणि थोड्या वेळाने गाडी आपली आपण निघाली.