लगवाडी, खायवाडी आणि भाव

अमरावती-अकोल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्याला दोन बाजू आहेत. सामन्यावर पैसे लावणे ती लगवाडी आणि लोकांनी लावलेला पैसा अंगावर घेणे ती खायवाडी. आयपीएलच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तांत हे शब्द इतके सर्रास येतात की त्यांचा अर्थ सांगण्याची गरज वार्ताहराला वाटत नाही. लावणारा तो पंटर, घेणारा तो बुकी. एका बुकीकडे फार पैसा साचला की तो त्यातला काही मोठ्या बुकीकडे सरकवतो. त्याला कटिंग म्हणतात.

या बोलीचा गाभा म्हणजे भाव. भाव नेहमी जड संघाचा, म्हणजे फेव्हरेटचा सांगतात आणि तो पैशांत असतो. ‘चाळीस-बेचाळीस’ असे कानावर आले की त्यातला पहिला आकडा लगाईचा आणि दुसरा खाईचा. लगाई म्हणजे फेव्हरेट जिंकेल यावर डाव. हजार रुपये लगाई केले आणि संघ जिंकला तर पंटरला 400 रुपये मिळतात. हरला तर त्याचे हजार जातात. खाई म्हणजे उलट डाव. फेव्हरेट हरला तर हजार मिळतात, जिंकला तर 420 द्यावे लागतात.

एकाने हजाराची लगाई केली आणि दुसऱ्याने तेवढीच खाई केली, असे धरले तर बुकीचा हिशेब उघडा पडतो. फेव्हरेट जिंकला तर तो एकाला 400 देतो, दुसऱ्याकडून 420 घेतो, आणि 20 रुपये त्याच्याकडे उरतात. फेव्हरेट हरला तर एकाचे हजार दुसऱ्याला जातात आणि त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या राहिल्या तर सामना कोणीही जिंको, बुकी हरत नाही. पंटर मात्र क्रिकेटच्या अभ्यासावर जिंकू पाहतो. चाळीस आणि बेचाळीस यांमधल्या दोन पैशांकडे त्याचे लक्ष नसते.

सेशन हा प्रकार त्याहून वेगवान. वीस षटकांच्या सामन्यात पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, यावर तो चालतो. ‘सेहेचाळीस-सत्तेचाळीस’ असा भाव निघाला तर 47 किंवा जास्त धावा होतील म्हणणाऱ्याचा ‘यस’ आणि 46 सुद्धा होणार नाहीत म्हणणाऱ्याचा ‘नॉट’. नेमक्या 46 झाल्या की यसवालाही हरतो आणि नॉटवालाही. पूर्ण डावाच्या धावांवरचा सौदा म्हणजे लंबी. एखाद्या फलंदाजाच्या धावा किंवा असेच सुटे प्रश्न फॅन्सीत मोडतात. षटकागणिक भाव हलतो, आणि हरलेला माणूस पुढच्याच षटकात भरपाई करायला बसतो.

भाव, सौदा, वायदा, तेजी, मंदी हे शब्द वऱ्हाडाला क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत, कारण हा कापसाचा मुलूख. मटक्याचा उगमही कापसाच्याच बाजारातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे दर मुंबईला तारेने येत आणि त्यातल्या आकड्यांवर पैसे लागत. 1961 च्या सुमारास ते दर येणे थांबले, तेव्हा आकडे काढण्याची दुसरी सोय झाली. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपला मटका सुरू केला. अमेरिकेचा दर गेला, पण उघडणे आणि बंद होणे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या शब्दांत राहिले. वऱ्हाडातल्या पोलिसांच्या नोंदींत आजही ‘वरली मटका’ असाच उल्लेख असतो आणि जप्तीच्या यादीत सट्टापट्टी, डॉटपेन व नगदी ही नेहमीची नावे.

सट्टापट्टीवर ‘356-46-259’ अशी ओळ असेल तर ती अशी वाचायची: 3, 5 आणि 6 यांची बेरीज 14, तिचा शेवटचा अंक 4, हा ओपन. 2, 5 आणि 9 यांची बेरीज 16, तिचा 6, हा क्लोज. दोन्ही मिळून 46 ही जोडी. बाजूचे तीन-तीन आकडे म्हणजे पत्ती किंवा पाना. एक अंक लागला तर रुपयाला नऊ रुपये आणि जोडी लागली तर नव्वद, हा रूढ दर. अंक दहा आणि जोड्या शंभर आहेत. दर दहा रुपयांतला एक रुपया लावणाऱ्याला सरासरीने परत मिळत नाही, तो या दरातच कापलेला असतो.

मोठ्या रकमांची नावे वेगळी. लाख म्हणजे पेटी, कोटी म्हणजे खोका. हिशेब मिटवण्याला वलण म्हणतात, हा शब्दही बाजारातलाच. ओळखीच्या पंटरचा सट्टा बहुधा उधारीवर चालतो. सामन्याच्या वेळी नोटा हातातून जात नाहीत, फक्त आकडा चढतो, आणि वलणाच्या दिवशी तो एकदम समोर येतो. नुकसानीचे खरे मूळ इथे आहे. रोख पैसे संपले की माणूस उठतो. उधारीत उठायला कारणच मिळत नाही. आता या सगळ्याचा मोठा भाग मोबाइलवर गेला आहे. बुकी ‘आयडी’ देतो, तिच्यात पैशांऐवजी पॉइंट असतात, आणि पॉइंट गमावताना पैसा गेल्याची जाणीव आणखी कमी होते.

रस्त्यावरच्या सट्टापट्टीला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो. ऑनलाइन पैशांचे खेळ चालवणाऱ्यांसाठी 2025 च्या केंद्रीय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. वलणाच्या भीतीने सावकाराकडे किंवा शेत गहाण टाकायला निघालेल्या घराला मात्र तिसराच कायदा ठाऊक असायला हवा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. बुकीची उधारी कायद्याने वसूल होत नाही. वसुलीसाठी कोणी धमकावत असेल, तर शेताचा कागद घरातच राहू द्यावा आणि सरळ पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.