भाकरी पुन्हा ताटात घेताना

अलीकडे शहरात आणि गावोगावीही एक नवे पथ्य शिरले आहे. भाकरी सोडायची, चपाती सोडायची, भाताला तर हातच लावायचा नाही; पालेभाजी, ताक, अंडी, पनीर, मूठभर शेंगदाणे यांवर राहायचे. कुणी वजन उतरावे म्हणून हे करतो, कुणी रक्तातली साखर वाढली म्हणून. चार-सहा महिने नेटाने पाळले तर वजन उतरते, साखरही बहुधा उतरते. पण जन्मभर असे राहणे थोड्यांनाच साधते. सुगी येते, लग्नाच्या पंगती येतात, एका माणसासाठी रोज निराळा स्वयंपाक घरच्या बाईला झेपत नाही. आणि माणूस पुन्हा भाकरीकडे वळतो. खरी अडचण येते ती इथे.

समजा, अशा माणसाने पहिल्याच दिवशी दोन भाकऱ्या आणि वर भात खाल्ला. दोन तासांनी बोट टोचून पाहिले, तो यंत्रावर आकडा १९०! आता तो काय करील? भित्रा असेल तर 'भाकरी म्हणजे विषच' असे म्हणून ती कायमची सोडील. बेफिकीर असेल तर 'एवढे पथ्य करून काय मिळाले?' म्हणून यंत्र फडताळात ठेवून देईल. दोघांनाही त्या आकड्याचा अर्थ कळलेला नाही. तो समजून घेऊ या.

भाकरी, भात, चपाती, बटाटा, साबुदाणा, गूळ, साखर हे सारे पदार्थ मुख्यतः कर्बोदकांचे. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर अंगाच्या पेशींत पोचवायची तर इन्सुलिन लागते, आणि ते जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून येते. आता पाटाचे उदाहरण घ्या. कालव्याचे आवर्तन पुष्कळ दिवस बंद राहिले म्हणजे चारीत गवत माजते, गाळ बसतो. पाटकरीही दुसऱ्या कामाला लागतो. अशा वेळी एकाएकी पूर्ण पाणी सोडले तर ते शेतात न जाता काठावरून बाहेर पडते. म्हणून काही चारी कायमची निकामी झाली, असे आपण म्हणत नाही.

शरीराचेही तसेच आहे बरं का. कर्बोदके कमी मिळू लागली की स्नायू चरबी जाळून काम भागवतात आणि असेल ती साखर मेंदूसाठी राखून ठेवतात. ही शरीराची काटकसर होय. स्वादुपिंडही जेवणाबरोबर पटकन इन्सुलिन सोडण्याची सवय थोडी विसरते. अशात एकदम दोन भाकऱ्या आल्या की ती साखर घ्यायला स्नायू तयार नसतात, आणि काही वेळ ती रक्तातच तुंबून राहते.

ही गोष्ट आजची नव्हे. १९२७ साली अमेरिकेत डॉ. स्वीनी यांनी निरोगी तरुण विद्यार्थ्यांचे गट पाडले. कुणाला दोन दिवस मुख्यतः स्निग्ध पदार्थ दिले, कुणाला प्रथिने, कुणाला कर्बोदके. एका गटाला उपाशी ठेवले. मग सर्वांना साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले. उपाशी राहिलेल्यांची आणि स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांची साखर जास्त चढली. कर्बोदके खाणाऱ्यांनी तीच साखर सहज पचवली. पुढे लंडनच्या डॉ. हिम्सवर्थ यांच्या प्रयोगांतही असेच दिसले. मुले निरोगी होती; फरक होता तो आधीच्या दोन दिवसांच्या जेवणाचा.

यातूनच तपासणीचा एक नियम निघाला. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून मधुमेहाची परीक्षा करायची असेल, तर आधी निदान तीन दिवस रोज दीडशे ग्रॅम तरी कर्बोदके पोटात गेलेली असावीत. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ती सुमारे पस्तीस ग्रॅम असतात. म्हणजे दिवसाला चार भाकऱ्या आणि थोडी डाळ झाली की हिशेब जमतो. पथ्यावर असतानाच ही परीक्षा केली तर नसलेला मधुमेह कपाळी येण्याचा संभव असतो. उलट, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी पथ्य चालू असताना केली, तर ती पथ्यातली साखर सांगते, भाकरी खाल्ल्यावरची नव्हे. म्हणून रक्त द्यायला जाल तेव्हा 'मी इतके महिने भाकरी-भात खात नव्हतो' हे डॉक्टरांना आधी सांगा.

पण एका उंच आकड्यावर घाबरू नये, तसेच 'हे पथ्यामुळेच' असे म्हणून प्रत्येक आकडा सोडूनही देऊ नये. काटकसरीचा परिणाम बहुधा काही दिवसांत ओसरतो. मधुमेह ओसरत नाही. या दोहोंतला भेद कळायचा तर भाकरीकडे पायरीपायरीने परतावे.

पहिले तीन-चार दिवस एकाच जेवणात अर्धी भाकरी घ्यावी. ती एकटी खाऊ नये. आधी भाजी, कोशिंबीर, उसळ खावी आणि मग भाकरी. या क्रमाने साखर सावकाश चढते, असे अलीकडच्या प्रयोगांतही आढळले आहे. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटे चालून यावे. चालते स्नायू साखर ओढून घेतात. पचनी पडले असे दिसले तर दुसऱ्या जेवणात अर्धी, मग एका जेवणात एक, असे दोन-तीन आठवड्यांत वाढवावे. भात त्यानंतर, तोही वाटीने मोजून. यंत्र असेल तर सकाळी उपाशीपोटी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी आकडा पाहावा व वहीत लिहावा. सोबत काय खाल्ले तेही लिहावे, नाहीतर नुसत्या आकड्याचा उपयोग नाही.

दोन गैरसमज इथेच दूर करू. ज्वारी-बाजरी चांगली खरी, पण तीही धान्येच. मोजून खाल्ली तरच गुण. गुळाला पथ्यकर समजणे तर सरळ चूक. आणि परतीची सुरुवात एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीने करू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

पहिल्या आठवड्यात वजन किलो-दोन किलो वाढेल. ती चरबी नव्हे. यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा पुन्हा भरतो आणि तो आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण धीर सोडतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. जे इन्सुलिन टोचतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी हे सारे डॉक्टरांना विचारूनच करावे. पथ्यात औषध कमी केलेले असते. भाकरी वाढली की ते पुन्हा बसवावे लागते. मनाने गोळी वाढवली आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, भोवळ येते. वेळेवर साखर दिली नाही तर जीवही धोक्यात येतो. गरोदर स्त्रियांनी, तसेच पुष्कळ दिवस जवळजवळ उपाशी राहून अगदी खंगलेल्या माणसानेही आपल्या मनाने काही करू नये. अशा शरीरात एकाएकी अन्न वाढले तर रक्तातले क्षार बिघडतात.

तीन आठवडे नीट जेवूनही उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा वर, अथवा जेवणानंतर दोन तासांचा २०० किंवा वर येत राहिला, तर दवाखान्यात जाऊन रीतसर तपासणी करावी. मात्र तहान भागत नाही, लघवीला वारंवार जावे लागते, वजन आपोआप झडते असे असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. आकडा ३०० च्या वर जाऊन उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

शिक्षक मंडळींना एक विनंती. गावात तपासणीचा कागद घेऊन माणूस पुष्कळदा आधी तुमच्याकडेच येतो. त्याला औषध सांगू नका. फक्त एवढे विचारा, 'तपासणीच्या आधी तीन दिवस काय जेवला होतात?' उत्तर कागदाच्या मागे लिहून द्या आणि त्याला दवाखान्यात पाठवा. डॉक्टरांना त्या एका ओळीचा मोठा उपयोग होईल.