म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट : खुल्या मैदानावरचा मेळा आणि त्याची शिस्त

जर्मनीतील बव्हेरिया राज्याची राजधानी म्युनिक येथे दर वर्षी भरणारा ऑक्टोबरफेस्ट हा जगातील सर्वांत मोठा लोकमेळा समजला जातो. नावात ऑक्टोबर असला तरी मेळ्याचे बहुतेक दिवस सप्टेंबरमध्येच येतात. १५ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी त्याचा प्रारंभ होतो आणि सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सांगता होते. २०२३ साली १८ दिवसांत सुमारे ७२ लाख लोकांनी या मेळ्याला भेट दिली, तर २०२५ साली ही संख्या सुमारे ६५ लाख होती. म्युनिकची लोकसंख्या मात्र १६ लाखांच्या आसपासच आहे.

एवढ्या गर्दीच्या या मेळ्याला प्रवेशशुल्क नाही. जुन्या काळाची आठवण जागवणारा एक स्वतंत्र विभाग वगळता मैदानावर कोणालाही विनामूल्य जाता येते. मेळा सर्वांसाठी खुला असावा, ही म्युनिककरांची धारणा आहे आणि गेल्या काही दशकांत कसोटी लागली आहे ती याच धारणेची.

या मेळ्याचा उगम एका राजविवाहात आहे. बव्हेरियाचे युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांचा विवाह १२ ऑक्टोबर १८१० रोजी झाला. त्यानिमित्त १७ ऑक्टोबरला शहराच्या वेशीबाहेरील कुरणावर नागरिकांसाठी घोड्यांच्या शर्यती झाल्या. वधूच्या नावावरून ते कुरण ‘थेरेझियनवीझ’ म्हणून ओळखले जाऊ लागले. स्थानिक लोक आजही मैदानाला आणि मेळ्यालाही थोडक्यात ‘वीझन’ म्हणतात. पुढील वर्षी शर्यतींना कृषिप्रदर्शनाची जोड मिळाली. बिअरचे भव्य मंडप आले ते बऱ्याच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी १८८५ मध्ये मेळ्यात प्रथमच विजेचे दिवे लागले होते. ते काम थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे वडील आणि काका यांच्या कंपनीने केले होते.

बिअर आणि शरद ऋतू यांचा संबंध मात्र राजघराण्याशी नसून हवामानाशी आहे. बव्हेरियातील बिअर थंडीत मंद गतीने आंबवली जाते. उन्हाळ्याच्या उष्म्यात ती नासत असल्याने सोळाव्या शतकात तेथे उन्हाळी महिन्यांत बिअर बनविण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे मार्च महिन्यात अधिक कडक बिअर तयार करून ती थंड तळघरांत साठविली जाई आणि नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, शरदाच्या तोंडावर, ही पिंपे रिकामी केली जात. ‘मार्चची बिअर’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी ही बिअर १८७२ मध्ये मेळ्यात आली. शीतयंत्रांमुळे आता साठवणुकीची ती अडचण उरलेली नाही. सध्या मंडपात मिळणारी बिअर रंगाने फिकट असते, परंतु तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सुमारे सहा टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा अधिक असते. ती पुरविण्याचा अधिकार आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन या म्युनिकमधील सहाच कंपन्यांना आहे.

पहिल्या दिवशी दुपारी ठीक बारा वाजता शहराचे महापौर शोटनहामेल या मंडपात लाकडी हातोड्याने पहिल्या पिंपाला तोटी बसवितात आणि ‘ओत्साप्फ्ट इस’, म्हणजे ‘पिंप फुटले’, अशी घोषणा करतात. ही प्रथा १९५० मध्ये महापौर थॉमस विमर यांनी सुरू केली. किती ठोक्यांत तोटी बसली, याची चर्चा नंतर शहरभर रंगते. पहिला मग राज्याच्या मुख्यमंत्र्यांना दिला जातो.

संध्याकाळी मेळ्याचे रूप पालटते. २००५ पासूनच्या नियमानुसार सायंकाळी सहापर्यंत मंडपात केवळ पारंपरिक पितळी वाद्यांचे संगीत आणि तेही ८५ डेसिबलच्या मर्यादेत वाजविता येते. मेळा म्हणजे तरुणांच्या दारूपार्ट्यांचा अड्डा होऊ नये, वृद्धांना आणि मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांनाही तेथे बसता यावे, हा त्यामागील हेतू. सहानंतर लोकप्रिय गाणी सुरू होतात. हजारो लोक बाकांवर उभे राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोलू लागतात. बाकावर उभे राहिलेले चालते, मात्र मेजावर चढणाऱ्यास सुरक्षारक्षक बाहेरचा रस्ता दाखवितात. सहा वर्षांखालील मुलांना रात्री आठनंतर मंडपात थांबता येत नाही.

नवख्या पाहुण्याला सर्वाधिक अडचणीत टाकणारा नियम वेगळाच आहे : मंडपात बसायला जागा नसेल तर बिअर मिळत नाही. मोठ्या मंडपात हजारो लोकांची सोय असते, तरीही शनिवारी संध्याकाळी दारे बंद करावी लागतात. बहुतेक मेजे कित्येक महिने आधी राखून ठेवलेली असतात. आरक्षणाला वेगळे शुल्क नसले तरी खाद्यपेयांची कुपने आगाऊ विकत घ्यावी लागतात. काही जागा आरक्षणाविना ठेवण्याचे बंधन मंडपचालकांवर असते. त्या मिळवायच्या तर कामाच्या दिवशी दुपारीच जाणे शहाणपणाचे.

मंडपात बिअर एक लिटरच्या जाड काचेच्या मगातच मिळते. भरलेल्या मगाचे वजन दोन किलोंहून अधिक भरते आणि असे दहा-बारा मग एका खेपेस उचलून वाढपी महिला गर्दीतून वाट काढतात. या कौशल्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच. फेसाच्या आड माप कमी तर भरले जात नाही ना, यावर नगरपालिकेचे निरीक्षक लक्ष ठेवतात. इतकेच नव्हे, तर कमी माप भरण्याविरुद्ध लढणारी एक नागरी संघटनाही शहरात आहे. प्रवेश विनामूल्य असला तरी २०२५ साली एका मगाचा दर मंडपानुसार १४.५० ते १५.८० युरो, म्हणजे सुमारे १,५०० ते १,६०० रुपये होता. दराला कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये नगर परिषदेसमोर आला होता, पण तो फेटाळला गेला.

अतिमद्यपानाने मैदानामागच्या उतारावर निपचित पडलेल्यांना स्थानिक भाषेत ‘बिअरची प्रेते’ म्हणतात. हे विनोदाने म्हटले जात असले तरी त्यातील धोका खरा आहे. छेडछाड वा अत्याचार यांपासून महिला आणि मुलींना मदत मिळावी म्हणून २००३ पासून तेथे विशेष मदत केंद्र चालविले जाते. मद्य घेतलेल्यांनी भाड्याच्या ई-स्कूटरने परतण्याचा मोहही टाळलेला बरा. जर्मनीत ई-स्कूटरलाही मोटारीप्रमाणेच मद्याची मर्यादा लागू असून परवाना गमवावा लागू शकतो.

बहुतेक मंडपांत रात्री साडेदहाला बिअर देणे थांबते आणि साडेअकराला मंडप बंद होतात.

२६ सप्टेंबर १९८० च्या रात्री याच सुमारास घरी निघालेल्या लोकांमध्ये मुख्य प्रवेशद्वाराजवळ बॉम्बस्फोट झाला. त्यात हल्लेखोरासह १३ जण मृत्युमुखी पडले आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. मेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करण्यात आला. हल्लेखोराने वैयक्तिक वैफल्यातून एकट्याने हे कृत्य केले, असा निष्कर्ष तपासयंत्रणांनी प्रारंभी काढला होता. २०१४ मध्ये तपास पुन्हा उघडण्यात आला आणि हा हल्ला कडव्या उजव्या विचारांतून झाला होता, हे २०२० मध्ये अधिकृतपणे मान्य झाले. जखमींना आणि मृतांच्या नातलगांना या मान्यतेसाठी चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. त्यांच्यासाठी भरपाईचा निधी उभारण्याचा निर्णय २०२१ साली झाला.

तरीही मैदान दीर्घकाळ मोकळेच राहिले. जर्मनीतील हल्ल्यांनंतर २०१६ मध्ये प्रथमच त्याभोवतीचे कुंपण पूर्ण करण्यात आले आणि तीन लिटरहून मोठ्या पिशव्या आत नेण्यास बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन येथे चाकूहल्ला झाल्यावर प्रवेशद्वारांवर हातात धरायची धातुशोधक उपकरणे आली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी अतिगर्दीमुळे मैदानाचे दरवाजे काही काळ बंद करावे लागले. १ ऑक्टोबरला शहराच्या उत्तर भागातील स्फोटानंतर मिळालेल्या बॉम्बच्या धमकीमुळे मेळा सकाळी उघडलाच नाही. पोलिसांनी मंडप तपासल्यानंतर सायंकाळी साडेपाचला दरवाजे उघडले आणि ५ ऑक्टोबरला मेळा ठरल्याप्रमाणे संपला.