खेळांची कुळकथा : स्क्वॉश, चार भिंतींतला खेळ

गेल्या आठवड्यात आपण लाल मातीतल्या कुस्तीविषयी वाचलं. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं ते हजारो लोकांना एका वेळी कुस्ती बघता यावी म्हणून. स्क्वॉशचं अगदी उलट. हा खेळ चार भिंतींआड, साहेबांच्या क्लबांत आणि लष्करी छावण्यांत वाढला. तरी त्याचे थोर खेळाडू निघाले ते तिथं चाकरी करणाऱ्यांच्या घरांतून.

मूळ इंग्लंडमधलं. लंडनच्या तुरुंगांत कर्जबुडवे कैदी भिंतीवर टणक चेंडू मारून ‘रॅकेट्स’ खेळत. तोच खेळ १८३० च्या सुमारास हॅरो शाळेतली मुलं मऊ रबरी चेंडूनं खेळू लागली. मऊ चेंडू भिंतीवरून जेमतेम परततो, त्यामुळं खेळाडूला धावावं लागतं. आजचा चेंडूही पोकळ रबराचा असतो. तो थंड असताना उसळत नाही, म्हणून सामन्याआधी खेळाडू त्याला मारून मारून तापवतात.

इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर हा खेळ पेशावरला पोचला. तिथल्या कोर्टांना छप्पर नव्हतं. भिंतीबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला एक अनवाणी पोरगा असे, हाशिम खान. साहेब उन्हाला कंटाळून निघून गेले की तो एकटाच आत शिरून खेळायचा. १९४४ मध्ये मुंबईतल्या अखिल भारतीय स्पर्धेत त्यानं अब्दुल बारीला हरवलं. बारी त्याच्या नात्यातलाच, मुंबईत खेळणारा. फाळणीनंतर १९५० मध्ये बारी ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ही बातमी हाशिमपर्यंत गेली. ज्याला आपण हरवलं तो तिथवर जातो, तर आपण का नाही? पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेत, पस्तिशी ओलांडलेल्या हाशिमनं करीमला ९-५, ९-०, ९-० असं नमवलं. हे जेतेपद धरून एकूण सात वेळा तो विजेता ठरला. पाकिस्तानच्या स्क्वॉशमधल्या दबदब्याची सुरुवात अशी मुंबईच्या एका कोर्टाशी जोडलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडं मुंबईचा महेश माणगावकर २०१४ च्या इंचॉन आणि २०२३ मध्ये हांगझोला झालेल्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. हांगझोला अंतिम सामन्यात समोर पाकिस्तानच होता. त्यानंतर महिन्याभरातच, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घेण्याचं ठरलं.

कोर्टाला जागा लागते ९.७५ मीटर लांब आणि ६.४० मीटर रुंद, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढीच. कागलसारख्या गावात शाळेच्या आवारात तेवढी जागा निघू शकते. लाकडी फरशी, वातानुकूलन हे सगळं नंतर बघता येईल. आधी सरळ, गुळगुळीत गिलाव्याच्या चार भिंती हव्यात, आणि शाळा सुटल्यावर पोरांसाठी उघडं राहणारं दार.