गाडीची सर्व्हिसिंग : घरी काय करायचं, गॅरेजात काय न्यायचं



आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या दारात आता दुचाकी उभी असते. कुणी तिच्यावर दूध डेअरीला घालते, कुणी आशाताई म्हणून वाड्यावस्त्या फिरते, कुणी गटाची रक्कम भरायला बँकेत जाते. गाडी चालवायला आपण शिकलो, लायसन काढलं. पण गाडीचं काही करायचं म्हटलं की अजून घरातल्या पोराकडे नाहीतर मेस्त्रीकडे बघतो. आणि मग कुणीतरी विचारतंच, “ताई, सर्व्हिसिंग घरी केली तर पैसे वाचतील का हो?”

वाचतील, पण वाटतात तिथे नाही. गॅरेजचं बिल हातात घेऊन बघा. त्यात दोन गोष्टी असतात, एक सामान आणि दुसरी मजुरी. ऑइल घरी बदललं तरी ऑइल विकत आणावंच लागतं. म्हणजे वाचते ती फक्त मजुरी, आणि साध्या सर्व्हिसिंगला ती काही फार नसते. खरा पैसा जातो तो वेळेआधी झिजलेल्या चेनला, टायरला आणि ऑइल संपून जाम झालेल्या इंजिनाला. मेस्त्री आपली गाडी तीन-चार महिन्यांतून एकदा बघतो. मधल्या दिवसांत कोरडी चेन, कमी झालेली हवा, खाली गेलेलं ऑइल हे त्याला दिसणार कसं? ते आपल्यालाच बघायला हवं.

नवी गाडी असेल तर आधी एक ऐका. सुरुवातीच्या काही सर्व्हिसिंग फुकट असतात, म्हणजे मजुरी लागत नाही, ऑइलचे पैसे मात्र पडतात. त्या कंपनीच्या केंद्रातच वेळेवर करून घ्या आणि पुस्तकात शिक्का मारून घ्या. वॉरंटीच्या काळात इंजिन घरी उघडू नका. आणि गाडीबरोबर मिळालेलं ते छोटं पुस्तक जपून ठेवा. पुष्कळ घरांत ते पहिल्याच पावसाळ्यात भिजतं.

आता दर आठवड्याचं काम. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे 25 आणि मागे एकटीसाठी 28 अशी हवा सांगितलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात मिळेल, काही गाड्यांवर चिकटवलेलाही असतो. हवा कमी असली की टायर कडेने झिजतो आणि पेट्रोलही जास्त लागतं.

ऑइल बघायचं तर गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडला लावा. दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करा, मग तेवढाच वेळ थांबा. ऑइलच्या झाकणाला जी काडी असते ती बाहेर काढून चिंधीने पुसा, परत आत घाला आणि बाहेर काढून बघा. काडीवर दोन खुणा असतात, ऑइल त्या दोन्हींच्या मधे हवं. बऱ्याच मोटारसायकलींत बघताना काडी पिळून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. पिळून बघितलं तर आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तकात बघून घ्या.

चेनबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. आपल्या रस्त्यांवर उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल, त्यामुळे सगळ्यात जास्त मार चेनला बसतो. धूळ आणि जुनं तेल मिळून पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो आणि तो चेन आणि दातेरी चक्रं दोन्ही खातो. मग नुसती चेन बदलून भागत नाही, पुढचं-मागचं चक्र धरून पूर्ण सेट घ्यावा लागतो. म्हणून पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि चिखलातून आल्यावर त्याआधीही, चेन पुसून तेल द्यायचं. साध्या चेनला ब्रशने थोडं डिझेल लावून मळ काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि नव्वद नंबरचं ऑइल थेंबथेंब सोडा. पेट्रोलने धुवायची नाही, चुलीच्या अंगणात तर मुळीच नाही. बंद कव्हरची चेन असेल तर कव्हरला रबरी बूच असतं. ते काढून ताण बघता येतो. खालची चेन बोटाने वरखाली हलवली तर बहुतेक गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर हलायला हवी. जास्त सैल चेन उतरते, आणि चालत्या गाडीत उतरून अडकली तर मागचं चाक जागीच थांबतं.

आणि हे लक्ष देऊन ऐका. चेनला तेल देताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात. चाक हाताने फिरवायचं. “गिअरमध्ये टाकून चाक फिरू दे, पटकन होतं,” असं पोरं करतात. त्यात फडकं ओढलं जातं आणि फडक्याबरोबर बोटं जातात. घरात कुणी असं करताना दिसलं तर तिथेच थांबवा.

त्याच बाजूला अजून एक वस्तू बघायची, साडीगार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. तरी गाडी दिसायला चांगली दिसावी म्हणून पोरं ते काढून माळ्यावर टाकतात. चाकात पदर किंवा ओढणी जाते ती आपली. तेव्हा माळ्यावरून ते खाली काढून बसवून घ्या आणि त्याचे बोल्ट घट्ट आहेत का ते हाताने हलवून बघत जा. मेस्त्री हे सांगितल्याशिवाय बघत नाही.

ऑइल बदलायचं असेल तर तेही घरी जमण्यासारखं आहे. किती किलोमीटरला बदलायचं आणि किती घालायचं ते पुस्तकात असतं. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल टोपल्यात सोडायचं, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवं मोजून घालायचं. इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, बोल्ट. इंजिनाचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असतो. पाय देऊन जोरात आवळलं की आत आटे जातात, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. हाताने लागेल तेवढा लावा, मग पान्याने बेताने आवळा. वायसर विसरू नका. दुसरं, ऑइलचा प्रकार. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला ‘जासो एमए’ लिहिलेलं ऑइल लागतं. स्कूटीचं वेगळं, तिला ‘एमबी’ चालतं, आणि तिच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल निराळं असतं. घरात ट्रॅक्टरचं किंवा चारचाकीचं उरलंय म्हणून ते ओतू नका, क्लच घसरायला लागतो.

एअर फिल्टरचंही थोडक्यात सांगते. स्पंजचा असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धुता येतो. कागदी, तेलकट फिल्टर मात्र धुवायचा नाही आणि हवा मारूनही साफ करायचा नाही. तो बदलायचाच, आणि धुळीच्या रस्त्यावर थोडा लवकर.

मग मेस्त्रीकडे काय न्यायचं? ब्रेक उघडणं, क्लच, टॅपेट, स्कूटीचा आतला पट्टा, चाकाचं बेअरिंग. चेन ताणायलाही मी पहिल्या एक-दोन वेळा मेस्त्रीसमोरच शिका म्हणेन. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं, आणि चेन ताणली की मागचा ब्रेकही परत जुळवावा लागतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्यात स्क्रू फिरवून मायलेज वाढवून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. मीटरवर इंजिनचा दिवा लागून राहिला तर तो तपासायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा.

ब्रेक आपण उघडायचा नाही, पण बघायचा जरूर. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकाच्या ड्रमवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला जाऊन भिडला म्हणजे लायनर संपले. हे बघायला पैसे लागत नाहीत, आणि “लायनर गेलेत” असं कुणी म्हटलं तर खरंखोटं आपल्यालाच कळतं.

गॅरेजात बोलण्याचीही एक पद्धत असते. “गाडी बघा जरा” असं म्हणू नका. “ब्रेक दाबला की किरकिर येते, चेन मागच्या महिन्यात ताणली होती,” असं सांगा. ऑइलचा डबा समोर फोडायला लावा. बदललेला जुना भाग मागून घ्या. वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहून ठेवा. चांगला मेस्त्री याचा राग धरत नाही, उलट त्याचंही काम सोपं होतं.

हत्यारं प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. पायाने मारायचा पंप, हवा मोजायचं यंत्र, पान्यांचा एक सेट आणि प्लग पाना एवढं गटात मिळून घेतलं तर आठ-दहा गाड्यांना पुरतं. गटाच्या पेटीबरोबर ठेवा आणि कोण नेतं ते लिहून ठेवा, नाहीतर दहा नंबरचा पाना आधी हरवतो.

राहता राहिलं जळकं ऑइल. दाराला, बैलगाडीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावायची आपल्याकडे सवय आहे. पण हे ऑइल कातडीला वरचेवर लागणं वाईट, त्यातून कर्करोगाचा धोका असतो. ओढ्यात किंवा बांधावर ओतलं तर पाण्यात उतरतं. जुन्या डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजवाल्याला द्या, जळकं ऑइल गोळा करणारे त्याच्याकडे येतात. आणि काम झाल्यावर हात पेट्रोलने धुऊ नका. थोडं खोबरेल चोळा, मग साबण लावा. सगळा काळेपणा निघतो.