रस निवळवणारे औषध आणि आपला ऊस



कारखाना पाहायला आलेले सभासद रस निवळण्याच्या टाकीजवळचे पांढरट द्रवाचे पिंप पाहून हमखास विचारतात, "साहेब, रसात हे कसलं केमिकल?" प्रश्न रास्त आहे.

गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो व वर आलेली मळी काढतो. त्या रसात लांबलचक रेणूंच्या साखळ्या असतात, त्यांत गाळाचे कण गुंततात. पिंपातले पॉलिअॅक्रिलामाइड हे त्याच कामाचे, फक्त कारखान्यात बनवलेले. उसाच्या रसाला चुना व गंधकाचा धूर दिल्यावर साका धरतो; त्याचे बारीक कण हे औषध एकत्र बांधते व साका झपाट्याने तळाला बसतो. एक टन रसाला २ ते ४ ग्रॅम पुरते आणि ते बहुतेक प्रेसमडबरोबर निघून जाते.

खरी गंमत ते पाण्यात सोडण्यात आहे. कोरडी पूड एकदम टाकली तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, वरून चिकट, आत कोरड्या. म्हणून ते तेलात मिसळूनही येते. लोण्यात जसे ताकाचे थेंब अडकतात, तसे तेलात पॉलिमरचे ओले थेंब. साबणाच्या जातीचा एक पदार्थ त्यांना धरून ठेवतो. तसलाच दुसरा, पाण्याशी सख्य असणारा, भरपूर पाणी भेटले की मिश्रण उलटे करतो. तेल विखुरते, थेंब मोकळे होतात आणि वेटोळे घातलेल्या साखळ्या हळूहळू उलगडतात. याला वेळ द्यावा लागतो. घाईने जोरात घुसळले तर साखळ्या तुटतात, औषध फुकट जाते.

तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसापुढे मात्र या औषधाचेही फारसे चालत नाही. शिळ्या उसात जंतू डेक्स्ट्रान तयार करतात. तोही पॉलिमरच, पण उलट्या गुणाचा. रस बुळबुळीत होतो, साका बसत नाही. गरम रस टाकीत रेंगाळला की साखर फुटते व उतारा घसरतो. २०२२-२३ च्या हंगामापासून एफआरपीचा पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे, तेव्हा प्रत्येक पॉइंटाला किंमत आहे. मुळ्या-माती, पाचट गाडीत येऊ देऊ नका, तोडलेला ऊस त्याच दिवशी भरा.

आणि नुसत्या युरियावर ऊस काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साका मुळात धरतो तो चुना आणि रसातले स्फुरद यांच्या संयोगाने. लिटरभर रसात सुमारे ३०० मिलिग्रॅम स्फुरद लागते. ते कमी पडले की कारखाना फॉस्फोरिक आम्ल विकत आणून घालतो, म्हणजे तुमच्याच पैशाने.