घरची मांजर आणि पाहुणे पिल्लू : काही गैरसमज

पावसाळ्याच्या तोंडाशी जिन्याखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा एखाद्या उभ्या मोटारीच्या पोटाशी सापडलेले मांजराचे पिल्लू, त्याला कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवड्यांपुरते का होईना, आपल्याकडे सांभाळावे अशी सद्बुद्धी मुंबई-पुण्याच्या पुष्कळ कुटुंबांना होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या घरात आधीपासूनच एखादी वयस्क मांजर नांदत असते, तेथे या सत्कार्याला बहुधा पहिल्याच दिवशी विघ्न येते आणि ‘आमची मनी जळते हो त्या पिल्लावर’ असा निवाडा देऊन घरची मंडळी मोकळी होतात. हा निवाडा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला असतो, आणि त्यावरून जे उपाय योजले जातात ते दोन्ही जिवांना जाचक होतात.

मांजरीचा हा सवतीमत्सर मानण्याचे कारण असे की, तिचे फिस्कारणे आपण मालकाच्या प्रेमाशी जोडतो. वास्तविक आपल्या घरगुती मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर. ते एकट्याने शिकार करणारे आणि आपली हद्द डोळ्यांत तेल घालून राखणारे जनावर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला आहे. म्हणजे सहवास जुना आहे, पण हद्दीची ती उपजत जाणीव या दीर्घ कालावधीतही मावळलेली नाही. मासळीबाजारात मांजरे घोळक्याने दिसतात हे खरे, परंतु असे घोळके जेथे अन्न मुबलक असते तेथेच टिकतात आणि त्यांचा गाभा बहुधा परस्परांच्या नात्यातल्या मांजरींचा असतो. अनोळखी पिल्लू एकाएकी घरात अवतरले की मांजरीला प्रश्न पडतो तो आपल्या वहिवाटीचा: खिडकीतली जागा, जेवणाची ताटली, निजण्याची उशी ही आता कोणाची?

दुसरा गैरसमज असा की फिस्कारणे म्हणजे हल्ल्याची नांदी. ती खरोखर हल्ला टाळण्याची सूचना असते: अंतर राख, इतकाच तिचा अर्थ. अशा वेळी मांजरीला रागे भरणे किंवा वर्तमानपत्राने दटावणे यासारखी चूक नाही. पिल्लू जवळ आले की आपल्याला शिक्षा होते, एवढाच बोध ती घेते. ‘एका खोलीत कोंडा, आपसात मिटवून घेतील’ हा सल्लाही तितकाच घातक आहे. मांजरांत भांडणानंतर समेट घडवून आणण्याची रीत फार थोडी. पहिल्या चकमकीची धास्ती पुढे कित्येक महिने टिकू शकते.

या सर्वांहून गंभीर बाब रोगाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पिल्लू टवटवीत दिसते, खेळते, मग त्याला अलग ठेवण्याची गरज काय, असे विचारले जाते. मांजरांच्या पार्व्हो विषाणूमुळे होणारा पॅनल्युकोपेनिया हा रोग शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसण्यास साधारणतः दोन ते दहा दिवस लागतात, आणि वांत्या-जुलाब सुरू होण्यापूर्वीच त्याचा फैलाव सुरू झालेला असू शकतो. हा विषाणू घराच्या फरशीवर, चपलेच्या तळाशी, कपड्यांवर महिनोन्महिने, अनुकूल स्थितीत वर्षभरही तग धरतो. साध्या फिनेलवर विसंबून चालत नाही, आधी स्वच्छ धुतलेल्या फरशीवर एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी या प्रमाणातले द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे लागते. म्हणून पाहुण्याला किमान दोन आठवडे स्वतंत्र खोलीत ठेवावे, त्याची भांडी व लिटरचा ट्रे वेगळा असावा, आणि त्याला हाताळल्यावर हात धुतल्यावाचून घरच्या मांजरीला स्पर्श करू नये. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावयाच्या असतात.

या स्वतंत्र खोलीचाच उपयोग परिचयासाठी करून घेता येतो, कारण मांजराची ओळख डोळ्यांआधी नाकाने होते. दोन आठवडे उलटल्यावर पिल्लू निरोगी असल्याची पशुवैद्याने खात्री दिली की एक मऊ पंचा त्याच्या गालांवरून फिरवावा, कारण गंधग्रंथी तेथे असतात, आणि तो घरच्या मांजरीच्या ताटलीपासून जरा दूर ठेवावा. ती प्रथम मान लांबवून हुंगते, कान मागे करते, क्वचित तोंड अर्धवट उघडून विचारात पडल्यासारखी थबकते; तो गंध टाळूतील खास इंद्रियापर्यंत ती अशा रीतीने पोहोचवीत असते. पंच्याशेजारी ती निर्धास्त जेवू लागली की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणे मांडावी, पुढे जाळीआडून दर्शन, आणि त्यानंतर आपल्या देखरेखीखाली थोडी थोडी भेट. घाई करू नये. ताटल्या वेगळ्या, उंचावर चढून बसण्याच्या जागा भरपूर, आणि लिटरचे ट्रे मांजरांच्या संख्येहून एकाने अधिक, एवढा बंदोबस्त असला की निम्मा कलह नाहीसा होतो.

मांजरी आहे म्हणून ती आईपण करीलच, अशीही अपेक्षा बाळगू नये. शस्त्रक्रिया झालेली मांजरी पोरक्या पिल्लाला जवळ घेईलच असे नाही. चार आठवड्यांहून लहान पिल्लाला ऊब आणि पिल्लांसाठीचे तयार दूध आपणच द्यावे लागते. गाईच्या दुधाने जुलाब होतात.

या काळात घरच्या मांजरीने चोवीस तास अन्न टाकले, तर तिला पशुवैद्याकडे न्यावे; उपासाने मांजरांच्या, विशेषतः लठ्ठ मांजरांच्या, यकृतात चरबी साचते. आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी होत नसेल तर त्याच तासाला निघावे, कारण मूत्रमार्ग तुंबणे हे जिवावरचे दुखणे आहे. तो रुसला आहे, असे म्हणून सकाळची वाट पाहणे परवडणारे नाही.

दोघांची मैत्री व्हायलाच हवी, हा आग्रह मला सर्वांत अनाठायी वाटतो. तात्पुरत्या सांभाळाची मुदत ठरलेली असते. संपूर्ण मुदतभर दोघे बंद दाराच्या दोन बाजूंना राहिले तरी पिल्लू जगते, वाढते आणि नव्या घरी जाते. तेव्हा पिल्लू उचलून आणण्यापूर्वी घरच्या मांजरीची लस मुदतीत आहे ना, आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली मोकळी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. तशी खोली नसेल तर पिल्लाला ती असलेल्या शेजाऱ्याकडे ठेवून त्याच्या दुधाचा व लसींचा खर्च आपण उचलावा.